सोळा पायऱ्यांवरचं गाऱ्हाणं

३० ऑक्टोबर

मॉरिशसमध्ये २ नोव्हेंबरला राष्ट्रीय सुट्टी असते. १८३४ साली याच तारखेला 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज कोलकात्याहून ३६ मजुरांना घेऊन पोर्ट लुई बंदराला लागलं आणि तिथून गिरमिटाची, म्हणजे करारावरच्या मजुरीची, सुरुवात झाली. हा दिवस तिथे जाऊन पाहायचा, असं आमच्या आण्णांनी मनात धरलं होतं. आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांच्या पणजोबांचे भाऊ 'मोरसला गेले', एवढंच आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जायचं. गेले ते गेलेच. पत्र नाही, निरोप नाही. श्राद्धपक्षात त्यांच्या नावानं पान वाढायचं की नाही, यावरून पूर्वी घरात वाद व्हायचे म्हणे.

मुंबईहून थेट विमान सहा तासांत मॉरिशसला पोचतं. शिडाच्या जहाजाला मुंबईहून महिना-दीड महिना लागायचा. आण्णा खिडकीपाशी बसले होते आणि खाली पाणी दिसू लागल्यापासून त्यांनी खिडकीवरची नजर काढली नाही.

विमानतळ दक्षिणेला, माएबूरजवळ. न्यायला माझी मैत्रीण आली होती. पुण्यात एम.ए. करताना आम्ही एका वसतिगृहात राहिलो. आता ती इथल्या शाळेत मराठी शिकवते. घरी सगळे क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली, बोलतात, कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्र फ्रेंच, आणि मराठी ही शिकून जपलेली भाषा. तिच्या बोलण्यात अजूनही पाठ्यपुस्तकातला नीटनेटकेपणा आहे. "आण्णा, प्रवास सुखरूप झाला ना?" असं तिनं विचारलं आणि आण्णा एकदम खूश झाले. "झाला गो बाय," म्हणाले.

ऊसतोडणीचे शेवटचे आठवडे चालू होते. काही मळे उभे, काही नुकतेच तोडलेले. मोकळ्या झालेल्या रानात काळ्या दगडांचे प्रचंड ढीग दिसत होते, काही दोन पुरुष उंचीचे. आण्णांनी गाडी थांबवायला सांगितली. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेलं. सगळी जमीन दगडांनी भरलेली. ऊस लावायचा तर आधी दगड वेचून बाजूला रचायला हवेत, आणि ते हातांनी रचले गेले. आधी गुलामांच्या, मग आपल्या माणसांच्या. यंत्रांनी पुढे बरेच ढीग हलवले, पण उरलेले पाहिले तरी छातीत धस्स होतं. आण्णा जवळ गेले, एका दगडाला हात लावून तोच हात कपाळाला लावला आणि गाडीत येऊन बसले.

मैत्रिणीचं घर पश्चिमेला, बांबू गावाच्या जवळ. हा सगळा पट्टा, कास्काव्हेलपासून खाली ल मॉर्नपर्यंत, आणि वरच्या अंगाला व्हाकोआ, हेन्रिएटा, ही जुनी मराठी वस्ती. देशाच्या साडेबारा लाखांच्या लोकसंख्येत मराठी माणसं दोन टक्क्यांच्या आसपास. एवढ्या थोड्या लोकांचा सण म्हणून गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी आहे.

३१ ऑक्टोबर

सकाळी मोकाला. इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची दप्तरं जपून ठेवली आहेत. उतरलेल्या माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण, जहाज, आणि कुठल्या मळ्यावर पाठवला ते. १८६० च्या दशकापासून फोटोही काढायला लागले, कारण १८६७ च्या कायद्यानं मजुराला फोटो लावलेलं तिकीट सतत जवळ बाळगणं सक्तीचं केलं. तिकिटाशिवाय रस्त्यावर सापडला तर तुरुंग. म्हणजे आज ज्या फोटोंपुढे नातवंडं-पतवंडं हात जोडतात ते पाळत ठेवण्यासाठी काढलेले होते. कागद ज्यांनी केले त्यांच्या मनात काय होतं आणि आज त्या कागदांचं काय झालं, हे पाहून मला फार बरं वाटलं.

आमच्या माणसाचा शोध लागला नाही. नाव 'रामा', जिल्हा रत्नागिरी, एवढ्यावर कुणी सापडायचा नाही. तिथल्या बाईंनी मनापासून मदत केली, पण रामा कितीतरी निघाले.

मैत्रिणीच्या घरच्या माणसाचा कागद मात्र तिच्याकडे होता. तिच्या सासऱ्यांचे आजोबा. वय २२, डाव्या नडगीवर जखमेची खूण, जहाज मुंबईचं. त्यांचं पहिलं नाव तेच आता या घराचं आडनाव झालं आहे. इथल्या बऱ्याच मराठी घरांचं असंच आहे. कारकुनानं नाव विचारलं, माणसानं 'बाबाजी' सांगितलं, आणि पुढच्या सगळ्या पिढ्या बाबाजी झाल्या. कोकणातली मूळ आडनावं बहुतेक कागदांवर आलीच नाहीत.

त्या कागदावर जिल्हा रत्नागिरी हे तिला ठाऊक होतं. खालचं गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत वेडंवाकडं लिहिलेलं, ते मात्र कुणाला लागत नव्हतं. आण्णांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांशी नेला, आणि मोठ्यानं म्हणाले, "माखजन!"

माखजन संगमेश्वर तालुक्यात, गड नदीच्या काठी. आमच्या गावाहून चालत तासाभराची वाट. आमचे बापजादे बाजाराला तिथेच जायचे. मैत्रीण आण्णांकडे बघत राहिली. मग तिनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि तिथल्या तिथे नवऱ्याला फोन केला. क्रिओलमध्ये भराभर काय बोलली ते कळलं नाही, पण 'माखजन' हा शब्द मी मोजला नाही इतक्या वेळा ऐकला.

परतताना आण्णा एवढंच म्हणाले, "आपला नाय गावला. गावचा तरी गावला."

१ नोव्हेंबर

आज कॅथलिकांचा सर्व संतांचा दिवस. त्याचीही सुट्टी होती. सकाळपासून रस्त्यावर फुलांचे गुच्छ घेतलेली कुटुंबं कबरस्तानाकडे चालली होती. शेजारच्या क्रिओल बाई, म्हणजे इथे आणलेल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशातल्या, आल्या, पांढऱ्या फुलांतली चार मैत्रिणीच्या सासूबाईंना देऊन गेल्या. दरवर्षी देतात. सासूबाई ती फुलं देव्हाऱ्यात ठेवतात. आणि गणपतीत मोदकांचा पहिला डबा त्या बाईंच्या घरी जातो.

या बेटावर मूळ रहिवासी असे कुणी नव्हतेच. १५९८ मध्ये डच आले, १७१० मध्ये सोडून गेले, मग फ्रेंच, १८१० मध्ये इंग्रज. आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणलेले, हिंदुस्थानातून गिरमिटिये, चीनमधून व्यापारी आणि मजूर. प्रत्येकाचा कुणी ना कुणी पूर्वज जहाजातून उतरलेला. 'आधी आम्ही, मग तुम्ही' असं म्हणण्याची जागा इथे फार थोडी आहे, आणि शेजारधर्माला त्याचा फायदा झाला असावा असं मला वाटतं.

दिवसभर आम्ही आजींजवळ बसलो. मैत्रिणीच्या सासूबाई, वय ८४. लहानपणी उसाच्या मळ्यात काम केलेल्या. मराठी समजतं, बोलायला थोडं अडखळतं, पण आरत्या आणि झाकरीची गाणी एकही शब्द न चुकता म्हणतात. झाकरी म्हणजे आपल्या कोकणातलं जाखडी नृत्य, गणपतीसमोर फेर धरून केलेलं. आण्णांनी दोन ओळी म्हटल्या, आजींनी पुढच्या दोन, जरा वेगळ्या चालीत. दीडशे वर्षांपूर्वी एका खाडीकाठाहून निघालेलं गाणं तोंडोतोंडी इथवर टिकलं. लिहून ठेवायला कुणाला अक्षर येत नव्हतं.

शिक्षण कसं झालं, असं विचारलं तर आजी म्हणाल्या, "बैठका." मळ्यावरच्या वस्तीत एक गवताचं छप्पर असे. दिवसभर राबून आलेले लोक रात्री दिव्याच्या उजेडात तिथे जमत. थोडं फार येणारा बाकीच्यांना अक्षरं शिकवी, पोथी वाचली जाई, भजन होई, भांडणंही तिथेच मिटत. मालकाच्या ताब्यात सगळं होतं. महिन्याला पाच रुपये मजुरी, वर शिधा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचे. आजारी पडलं तरी कापायचे. त्यातून माणूस म्हणून उभं राहायला जी जागा उरली होती ती बैठकेत होती, आणि ती देवाच्या नावानं धरून ठेवलेली होती. श्रद्धेबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला वाटतं, त्या छपराखाली तिनं जे काम केलं त्याहून मोठं काम तिला क्वचितच करायला मिळालं असेल.

आपल्याकडून जाणारा माणूस इथल्या लोकांना एक प्रश्न हमखास विचारतो, तो आण्णांनीही विचारला. "आजी, तिकडं यावंसं वाटतं काय? आपल्या मुलखात?"

आजींनी सुनेकडे पाहिलं, क्रिओलमध्ये काही सांगितलं, मग स्वतःच मराठीत म्हणाल्या, "जे परत गेले ते तुमचे. जे राहिले ते आमचे."

मग सुनेच्या मदतीनं पुढचं सांगितलं. करार पाच वर्षांचा असे. सुरुवातीला परतीचा प्रवास फुकट होता, १८५० च्या सुमारास तो बंद झाला. तरीही आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक परत गेले. बाकीचे राहिले. काही अडकून राहिले, पैसे नव्हते, कर्ज होतं, तिकडे कुणी उरलं नव्हतं. काही ठरवून राहिले. पुढे मळेवाल्यांनी कडेकडेच्या हलक्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या, तेव्हा या लोकांनी पै-पै साठवून त्या घेतल्या. आजींच्या सासरच्या माणसानंही अशीच थोडी जमीन घेतली. अजून ती घरात आहे. आम्ही बसलो होतो ते घर त्याच जमिनीवर.

"सन अडुसष्टमध्ये पण लोक घाबरले," आजी म्हणाल्या. स्वातंत्र्य मिळालं तर आपलं काय होईल, या धास्तीनं तेव्हा कितीतरी कुटुंबं ऑस्ट्रेलियाला आणि युरोपात निघून गेली. "आम्ही राहिलो." १२ मार्च १९६८ ला शाँ द मार्स मैदानावर नवा झेंडा चढला तेव्हा त्या नवऱ्याबरोबर लॉरीत उभ्या राहून पोर्ट लुईला गेल्या होत्या. लाल, निळा, पिवळा, हिरवा. घरी येऊन त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

मी त्यांच्याकडे ओढाताण शोधत नव्हते, पण ती असेल असं आपण धरून चालतो. दोन देशांत फाटलेलं मन वगैरे. आजींच्या मनात तसं काही नाही. ज्या माणसानं इथे राहायचं ठरवलं, त्या ठरवण्याबद्दल त्या त्याचे आभार मानतात. तो ज्या देवाला धरून राहिला त्या देवाचे मानतात. आणि ज्या मातीनं त्याला राहू दिलं तिचे. तिन्ही आभार त्या एकाच दिव्यापुढे, एकाच वेळी मानतात.

२ नोव्हेंबर

यंदा कार्तिकी एकादशी नेमकी आजच आली. पंढरपुरात चंद्रभागेला गर्दी, इथे पोर्ट लुईच्या धक्क्यावर. घरात सगळ्यांना उपवास. उकडलेली रताळी, मान्योक नावाचा कंद वाफवून, आणि चहा. मान्योकवर आण्णांनी मिरची-मीठ मागितलं, आजींनीही मागितलं.

आप्रवासी घाट बंदराच्या त्रू फाँफारों भागात आहे. इंग्रजांनी १८४९ मध्ये इथे मजुरांसाठी डेपो बांधला. गुलामगिरी बंद होत असताना करारावर मजूर आणून मळे चालतात का, याचा प्रयोग त्यांनी या बेटावर करून पाहिला. तो चालला म्हणून मग गयाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजीकडे जहाजं निघाली. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसं मॉरिशसला आली. २००६ मध्ये युनेस्कोनं या जागेला जागतिक वारसा म्हटलं. मधून रस्ता गेल्यानं मूळ डेपोचा बराच भाग नाहीसा झाला आहे. पहारेकऱ्याची खोली, दवाखान्याच्या भिंती, स्वयंपाकघराचे अवशेष, शौचालयं, आणि पाण्याकडून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या उरल्या आहेत. सोळा पायऱ्या.

सरकारी पुष्पांजलीचा कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही आत गेलो. माणसं अजून येत होती. भोजपुरी बोलणाऱ्या बायका, तमीळ कुटुंबं, मुसलमान म्हातारे, शाळेची मुलं. ज्यांच्याकडे पूर्वजांचे कागद होते त्यांनी ते छातीशी धरलेले. एका पोरानं प्लॅस्टिकच्या पाकिटात पणजीचा फोटो आणला होता आणि तो प्रत्येक भिंतीला दाखवत हिंडत होता.

दवाखान्याच्या भिंतींपाशी मी बराच वेळ थांबले. देवी आणि पटकी, याच दोन भीती. जहाजावर साथ असली की लोकांना बाहेरच्या बेटांवर उतरवत, आणि तिथून सगळेच परत येत नसत. जे इथवर पोचले ते दोन-तीन दिवस या डेपोत राहायचे. मग मळेवाला यायचा आणि टोळ्या घेऊन जायचा. पहिले ३६ जण उत्तरेकडच्या आंत्वानेत मळ्यावर गेले, त्या जागेला लोक फूलियार म्हणतात. तिथेही आज फुलं वाहतात.

आजींना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. पायऱ्यांजवळ आल्यावर त्या उठून उभ्या राहिल्या. मुलानं एक हात धरला, नातवानं दुसरा. त्यांनी ओटीतला नारळ काढून आण्णांकडे दिला. "तुम्ही गावचे. तुम्ही सांगा."

सांगा म्हणजे काय ते आण्णांना बरोबर कळलं. कोकणात देवापुढे नारळ ठेवून गावचा माणूस सगळ्यांच्या वतीनं बोलतो आणि जमलेले लोक साथ देतात, ते गाऱ्हाणं. एरवी त्यात मागणं असतं. पाऊस दे, पीक दे, पोराला नोकरी दे, इडापिडा टाळ. आण्णांनी चपला काढल्या, टोपी नीट केली, नारळ दोन्ही हातांत धरला. त्यांचा आवाज आधी बसला, मग सुटला.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वेशीच्या म्हाराजा!"

मैत्रीण आणि तिचा नवरा गप्प होते. आजी मात्र पुढे झाल्या, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!" कुठून आलं ते त्यांच्या ओठांवर, कुणाला ठाऊक. सून म्हणते, घरात हे कधी ऐकलेलं नाही.

"तुझ्या पदरातली लेकरं पोटासाठी दर्या ओलांडून हितं उतरली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता नातूही.

"दगुड वेचलं, ऊस लावला, पाठीवर वळ घेतलं, पण तुझं नाव नाय सोडलं!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या मातीनं त्यांना पोटाशी घेतलं. ह्या देशानं त्यांना आपलं म्हटलं. त्या देशाची रखवाली कर म्हाराजा!"

आजूबाजूची माणसं थांबून ऐकत होती. भाषा कळत नसली तरी 'व्हय म्हाराजा' कुठे म्हणायचं ते त्यांना समजलं होतं, आणि पाच-पंचवीस जणांनी ते म्हटलं. एक तमीळ आजोबा तर अगदी ठेक्यात.

"आनि जो परत आला नाय," आण्णा थांबले. मला वाटलं, संपलं. "जो परत आला नाय, त्याचा आमच्या मनात राग नाय म्हाराजा. त्यानं पत्र धाडलं नाय, त्याला लिवता येत नव्हतं. तो असंल तिथं सुखी ऱ्हावो. त्याची लेकरं हितं असतील, आमाला ठावं नाय, त्यांचं भलं कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फोडायला तिथे परवानगी नाही, जपलेली जागा आहे. तो पायरीला टेकवला आणि परत ओटीत ठेवला.

संध्याकाळी कास्काव्हेलच्या विठ्ठल मंदिरात भजनाला गेलो. टाळ, मृदंग, पेटी. मृदंग वाजवणारा मुलगा दिवसा बँकेत काम करतो. 'ज्ञानोबा तुकाराम'चा गजर सुरू झाला तेव्हा कुठल्या देशात आहे हे विसरायला होतं असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालं नाही. उलट मॉरिशसमध्ये आहोत हे क्षणोक्षणी जाणवत होतं आणि तेच फार सुंदर होतं. बाहेर ऊस, मागे डोंगरांची काळी कड, पलीकडे समुद्र, देवळात मोठ्या सुट्टीच्या दिवशी लावलेला चार रंगांचा झेंडा, त्याच्या बाजूला भगवी पताका. आरतीनंतर मुलांनी मॉरिशसचं राष्ट्रगीत म्हटलं. विठ्ठलासमोर उभं राहून, टाळ हातात धरूनच. आण्णाही सरळ उभे राहिले.

बोलता बोलता तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी सांगितलं की मॉरिशसमधला पहिला सार्वजनिक गणपती १८९६ मध्ये हेन्रिएटाला बसला. मातीचा गणपती करून, डोक्यावर घेऊन नदीकडे नेत. आता हजारो लोक समुद्रावर जातात, वाटेत सगळ्या धर्मांचे लोक थांबून पाहतात, पोलीस रस्ता करून देतात.

३ नोव्हेंबर

सकाळी ल मॉर्न. समुद्रात घुसलेला एकच एक प्रचंड कडा, खाली निळं-हिरवं पाणी. पर्यटक इथे पाण्यासाठी येतात. मैत्रिणीनं आम्हांला मुद्दाम आधी इथे आणलं, देवदर्शनाच्या आधी. पळून गेलेले गुलाम या कड्यावरच्या गुहांत लपून राहत. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा ती बातमी सांगायला शिपाई वर चढू लागले, आपल्याला धरायला आले असं वाटून वरच्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी लोकांत कथा आहे. २००८ मध्ये हीसुद्धा जागतिक वारशाची जागा झाली. १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची सुट्टी असते.

"आमचे लोक आले," मैत्रीण म्हणाली, "तेव्हा सुटलेल्या गुलामांना मळेवाल्यांनी चांगली मजुरी द्यायला नको म्हणून आणले गेले. आमच्या पूर्वजांना ते ठाऊक नव्हतं. पण आम्हांला ठाऊक आहे. म्हणून २ नोव्हेंबरनंतर इथे यायचं, असं मी मुलांना शिकवते."

तिचं हे मला फार पटलं. आपल्या माणसांचे आभार मानताना त्यांच्या आधी त्याच रानात राबलेल्यांना विसरलं तर ते आभार अर्धेच राहतात. ती दरवर्षी शाळेतल्या मुलांना इथे आणते. मराठी शिकणारी मुलं ल मॉर्नच्या पायथ्याशी फुलं ठेवतात.

दुपारी गंगा तलाव. डोंगरावरचं थंड, ढगाळ तळं. त्रियोले गावच्या एका पुजाऱ्यांना १८९७ मध्ये हे तळं गंगेशी जोडलेलं असल्याचं स्वप्न पडलं आणि पुढच्या वर्षीपासून शिवरात्रीला लोक कावड घेऊन चालत येऊ लागले. आता लाखो येतात. काठावर ३३ मीटर उंच शंकराची मूर्ती आहे. आण्णांना मूर्तीपेक्षा तळं आवडलं. ओंजळीत पाणी घेऊन बराच वेळ उभे होते. वारा इतका गार होता की आम्ही फार थांबलो नाही. खाली उतरून रस्त्याकडेच्या गाडीवर ढोल पुरी घेतली, डाळ भरलेली मऊ पातळ पोळी, आत घेवड्याची भाजी आणि चटणी. एकादशी सुटली होती. आण्णांनी तीन खाल्ल्या.

४ नोव्हेंबर

निघायच्या सकाळी आजींनी देव्हाऱ्यातला परवाचा नारळ आण्णांच्या पिशवीत घातला. "माखजनला फोडा."

आण्णांनी तो परत काढून त्यांच्या हातात दिला. "तुमीच या. शिमग्याला पालखी घरोघर येते. तुमच्या घरचा नारळ तुमच्या हातानं पडू दे. माखजनच्या लोकांना कळू दे, त्यांचा माणूस हितं कसा नांदला."

आजींना विमानाचा प्रवास झेपणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या हसल्या आणि नारळ नातवाच्या हातात ठेवला. नातू वीस-एकवीस वर्षांचा, पर्यटकांना समुद्रात बुडी मारायला शिकवतो, मराठी शाळेत शिकलेलं बरंच विसरला आहे. त्यानं नारळ उलटासुलटा करून पाहिला आणि आईला विचारलं, "शिमगा म्हणजे कुठला महिना?"

फाल्गुन, म्हणजे मार्चच्या आसपास. आई-मुलात तिथेच सुट्ट्यांचा हिशेब सुरू झाला. शाळेतून रजा मिळते का हे मैत्रीण उद्या विचारणार आहे, मुलाला नोकरीवर विचारायचं आहे, आणि विमानाची तिकिटं लवकर काढली तर स्वस्त पडतात. आजी म्हणाल्या, रजा नाही मिळाली तर मी शाळेत येऊन बोलते. विमानतळावर पोचेपर्यंत आण्णांनी माखजनला आपल्या ओळखीच्या माणसाला फोन लावून झाला होता. पालखीचा मान कुणाकडे, कुठल्या वाडीत कधी येते, आणि परदेशाहून माणसं आली तर उतरायची सोय कुठे करायची, सगळं विचारून घेतलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "माणसं कोण?"

"आपली," आण्णा म्हणाले. "मॉरिशसची."